हिरव्या पट्टीचं मौनव्रत

विचारलेल्या गोष्टीला वेळेवर उत्तर देणं हा माणुसकीचा पाया आहे, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी एका रविवारी सकाळी वर्तमानपत्रामागून बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "अगदी खरं. गॅस बंद केलात का, हे मी तीनदा विचारलंय."

गॅस बंद नव्हता. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा असा, की त्याच सकाळी बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा, फोन आला आणि त्यांनी बायकोला एक पत्र वाचून दाखवलं. पत्र त्यांच्या यजमानांना आलं होतं. यजमान म्हणजे आमचे थोरले साडू. थोरले साडू हे नातं ज्यांच्या वाट्याला आलं नाही त्यांना ते समजावून सांगणं कठीण आहे. ते भाऊ नसतात, त्यामुळे भांडता येत नाही. परके नसतात, त्यामुळे टाळता येत नाही. आणि सासरच्या घरात आपल्या आधी पाच वर्षं येऊन त्यांनी पाडायची ती सगळी छाप पाडून ठेवलेली असते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा जन्मापासून पाहू शकत नाहीत. तीस वर्षं ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नुसत्या "हॅलो"वरून माणूस जेवला आहे की नाही हे ते सांगू शकतात. अशा माणसाशी फोनवर थाप मारणं किती अवघड आहे, हे मला अठ्ठावीस वर्षं ठाऊक आहे.

पत्र वाचनालयाचं होतं. "आपण एकाच पुस्तकाची सतरा वेळा मागणी नोंदवल्याचे निदर्शनास आले आहे. हा संस्थेच्या साधनांचा गैरवापर आहे. आपले ऑनलाइन खाते तूर्त स्थगित करण्यात येत असून ते कायमचे बंद करण्याबाबत येत्या शनिवारी कार्यकारिणी निर्णय घेईल. यापुढे आपण डोळस सोबत्यासह समक्ष येऊन पुस्तके न्यावीत."

एवढं वाचून ताई थांबल्या. बायको म्हणाली, "कुणी लिहिलंय गं असलं? सही कुणाची आहे?"

सही माझी होती.

मी त्या वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. दर शुक्रवारी ग्रंथपाल बाई कागदांचा गठ्ठा पुढे सरकवतात आणि मी सह्या करतो. सही करण्यापूर्वी कागद वाचणारा माणूस आमच्या संस्थेत फार काळ टिकत नाही. हे मी बायकोला शांतपणे समजावून सांगितलं. तिने शांतपणे माझ्या पुढ्यातला चहा उचलून आत नेला.

पण खरी गोम पुढेच आहे. वाचनालयाची वेबसाइटही मीच बनवली आहे. सहा आठवड्यांचा वर्ग करून, प्रमाणपत्र मिळवून. (प्रमाणपत्र फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं आहे, दार उघडलं की ते दारामागे जातं, आणि पाहुणे असले की दार उघडंच असतं.) तिच्यात माझा सगळ्यात जास्त जीव कशावर असेल तर तो एका हिरव्या पट्टीवर. पुस्तकाची मागणी नोंदवली, की वरच्या उजव्या कोपऱ्यातून ही पट्टी अलगद सरकत येते, "मागणी नोंदवली" असं सांगते, तीन सेकंद थांबते आणि विरघळते. त्या विरघळण्यावर मी दोन शनिवार-रविवार खर्च केले होते. साखर विरघळावी तसं विरघळणं आहे ते. बघणाऱ्याने बघत राहावं.

दुपारी आम्ही दोघं दादांकडे गेलो. बायको आत ताईंकडे गेली, दादा संगणकासमोर बसले होते.

"ये साडूबुवा. सोबत डोळस माणूस आणलास की एकटाच आलास?"

मी पत्राबद्दल दिलगिरी व्यक्त करायला सुरुवात केली.

"दिलगिरी राहू दे. तुझ्या खात्यातून एक पुस्तक मागून दाखवतो, ऐक फक्त."

दादांच्या संगणकात स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. दादा त्याला "आमचा पोपट" म्हणतात. त्यांनी त्याचा वेग असा ठेवला आहे की मला फक्त वाक्यांचे शेवट ऐकू येतात. पोपट भराभरा बोलत गेला, दादांची बोटं त्याच्यापुढे धावत गेली आणि शेवटी पोपट म्हणाला, "मागणी नोंदवा, बटण." दादांनी कळ दाबली.

शांतता.

"झालं?" दादांनी विचारलं.

"झालं की! ही काय, पट्टी आली."

"कुठे?"

"वर. उजवीकडे. आता... गेली."

"काय म्हणाली?"

"मागणी नोंदवली, म्हणाली."

"कोणाला?"

दादांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा पट्टी आली, साखरेसारखी विरघळून गेली. पोपटाने चोचही उघडली नाही.

"एक्स्चेंजमध्ये आम्ही नंबर लागला तर लागला म्हणायचो, नाही लागला तर नाही," दादा म्हणाले. "पण 'थांबा, लावतोय' एवढं सांगितल्याशिवाय कुणाला लटकत ठेवलं नाही. तुझी पट्टी म्हणजे फोन उचलून नुसती मान डोलावणारा माणूस आहे."

आतून ताई हसल्या. माझी बायको त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसली.

मग दादा संगणकाकडून माझ्याकडे वळले. "पुस्तक काय, हिच्याबरोबर गेलो तरी मिळेल रे. पण हिच्याबरोबर गेलो की तुमच्या काउंटरवरचे हिला विचारतात, 'यांना काय हवंय?' मी तिथेच उभा असतो. तुझी वेबसाइट आली तेव्हा म्हटलं, चला, आता माझं मी मागेन. शनिवारी तेही जाणार म्हणतोस?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "शनिवारच्या आत पट्टी बोलेल. माझा शब्द आहे."

"शब्द तू द्यायचास आणि गप्प तिने बसायचं," दादा म्हणाले.

घरी परतताना जिन्यात समोरचे चष्मेवाले भेटले. त्यांचं चौकात चष्म्यांचं दुकान आहे आणि कोणत्याही प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर असतं. मी त्यांना पट्टीची अडचण सांगितली.

"अक्षर मोठं करा," ते म्हणाले. "सोळाचं चोवीस करा."

"अहो, पण त्यांना दिसतच नाही."

"मग अठ्ठेचाळीस करा."

मी मनातल्या मनात हसलो. संध्याकाळी मात्र, कुणाला कळू न देता, अठ्ठेचाळीस करून पाहिलं. पट्टी एवढी मोठी झाली की खालचं मागणीचं बटण तिच्याखाली दडपलं. बायको मागून म्हणाली, "दादांनाच विचारा ना काय करायला हवं ते." पण ज्याच्यासाठी करायचं त्यालाच विचारायचं, हे तंत्रज्ञानात बसत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

सोमवारी मी पट्टीला घंटा बसवली. पट्टी आली की "टण्" असा गोड आवाज. काउंटरवरच्या संगणकावर तो वाजून पाहिला आणि समाधान पावलो. गडबड एवढीच झाली, की तोच आवाज बाईंच्या टेबलावरच्या घंटेचा आहे. ती वाजली की शिपाईकाकांनी आत जायचं, ही एकोणीस वर्षांची पद्धत. सोमवारी लोक काउंटरवरच्या संगणकावरून पुस्तकं फार मागतात. दुपारपर्यंत शिपाईकाका चौदा वेळा बाईंच्या खोलीत जाऊन "काय बाई?" म्हणाले आणि चौदा वेळा "काही नाही" ऐकून परत आले. पंधराव्यांदा ते उठले नाहीत. ती घंटा खरोखर बाईंची होती. बाई स्वतः उठून बाहेर आल्या, काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या क्षणापासून माझ्याशी बोलणं बंद केलं.

दादांचा अभिप्राय फोनवर आला. "टण् वाजलं. पुढे काय? मागणी नोंदवली गेली, की शाळा सुटली?"

मंगळवारी मी वाचायला बसलो. इंटरनेटवर या विषयाचं एक लांबलचक मार्गदर्शक सापडलं. त्यातून असं कळलं, की पानावर नवं काही उगवलं तर स्क्रीन रीडर आपणहून तिकडे ढुंकूनही बघत नाही. पानावर एक रिकामी चौकट राखून ठेवायची आणि तिच्यावर खूण करायची, की इथे काही आलं तर सांग. मग मजकूर आत आला की पोपट बोलतो. मी लगेच चौकट बनवली. पण चौकट आधी रिकामी ठेवून मजकूर नंतर घालण्याऐवजी मजकूर भरूनच ती ऐन वेळी पानावर आणून ठेवली. पाहुण्यापुढे रिकामं ताट काय ठेवायचं, असा माझा विचार. पोपट गप्प. स्क्रीन रीडर मी माझ्याही संगणकात बसवून घेतला होता. बरोबर चाचणी व्हावी म्हणून डोळ्यांना टॉवेल बांधला, पट्टीत चाचणीची निरनिराळी वाक्यं घातली, कळा दाबल्या. माझी चिडचिड वाढत गेली तशी वाक्यंही बदलत गेली. शेवटचं वाक्य होतं, "आता तरी बोल गं बाई."

बायको खोलीत आली. टॉवेल बांधून संगणकाची विनवणी करणारा नवरा तिने क्षणभर पाहिला आणि दार हळूच ओढून घेतलं.

चाचणीसाठी माझ्याकडे वेगळी वेबसाइट नव्हती. जी होती तिच्यावरच सगळे प्रयोग. बुधवारी सकाळी पुस्तक मागणाऱ्या प्रत्येक सभासदाला वरच्या कोपऱ्यात "आता तरी बोल गं बाई" अशी हिरवी पट्टी दिसली. पहिल्या सभासद खुद्द ग्रंथपाल बाई होत्या. घंटेच्या प्रकरणापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्याच. आता त्यांनी लेखी खुलासा मागवला. मी तो लिहिला. त्यात "चौकट" हा शब्द नऊ वेळा आला आणि त्यामुळे संशय आणखी बळावला.

बुधवारीच चौकट आधी रिकामी ठेवायची हे डोक्यात शिरलं, आणि पोपट बोलला. मला भरून आलं. मार्गदर्शकात पुढे लिहिलं होतं, की खुणा दोन प्रकारच्या असतात. "सवडीने सांग" ही एक. तिच्यात चालू वाक्य पुरं होऊ देतात. दुसरी "ताबडतोब सांग". ती चालू वाक्य मध्येच तोडते, आणि ती अगदी नाइलाज असेल तरच वापरावी. आता, माझ्या पट्टीवर मी दोन शनिवार-रविवार खर्च केले होते. तिने सवडीने बोलावं हे मला पटेना. मी "ताबडतोब"ची खूण केली. आणि एका पट्टीलाच कशाला, पानावरच्या प्रत्येक सूचनेला केली. शोध चालू आहे, शोध संपला, इतकी पुस्तकं सापडली, सगळ्यांना.

गुरुवारी सकाळी दादांचा फोन.

"साडूबुवा, मी लेखकाचं नाव लिहायला बसलो. पहिलं अक्षर टाकलं, तर ओरडला 'दोनशे चौदा पुस्तकं सापडली'. दुसरं टाकलं, 'अठ्ठ्याऐंशी'. तिसरं टाकलं, 'एकतीस'. मी कोणतं अक्षर लिहिलं तेच मला ऐकू देईना. नाव पुरं व्हायच्या आत तुमचं सगळं वाचनालय मोजून झालं."

"पण बोलतोय ना?" मी म्हणालो.

"बोलतोय कसला, लग्नात हरवलेल्या मुलाच्या बापासारखा ओरडतोय. त्याला म्हणावं, समोरच्याचं वाक्य होऊ दे. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं."

माझ्या वर्गात हे सहा आठवड्यांत शिकवलं नव्हतं. मी खुणा बदलल्या. आता सगळं सवडीने. टाइप करणं थांबलं की मगच पुस्तकांची संख्या. दुपारी पुन्हा फोन आला. "आता माणसासारखा बोलतो," दादा म्हणाले. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि तीही पोपटाच्या नावावर.

इथे गोष्ट संपली असती, तर मी तुम्हाला ती सांगितली नसती. गुरुवारी संध्याकाळी बाईंनी, खुलाशाच्या फाइलसोबत, हा विषय अध्यक्षांकडे नेला. आमचे अध्यक्ष निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनी आयुष्यभर कालवे खोदले आणि त्यांची वाक्यंही तशीच असतात. त्यांचं म्हणणं पडलं, की संस्था आता बोलणार असेल, तर संस्थेला शोभेल असंच बोलली पाहिजे. शुक्रवारी त्यांचा मसुदा आला:

"सन्माननीय सभासद महोदय/महोदया, आपण नोंदवलेली मागणी संस्थेच्या नियम क्रमांक १४(ब) मधील तरतुदींना अधीन राहून, पुस्तकाच्या उपलब्धतेनुसार (असल्यास), स्वीकारण्यात येत असून, आपल्या सहकार्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे."

मी तो पट्टीत घातला आणि दादांना ऐकवला. पोपटाने आदेश इमानाने पाळला. "महोदय तिरकी रेघ महोदया," तो म्हणाला. "चौदा कंस सुरू ब कंस पूर्ण."

"नऊ सेकंद," दादा म्हणाले. त्यांच्याकडे बोलणारं घड्याळ आहे. "आणि पोपट माझ्या वेगाने बोलतो म्हणून नऊ. मधल्या त्या 'असल्यास'ला मला वाटलं, मागणी नाकारली. अजून दोनदा बटण दाबावंसं वाटलं."

"मग काय म्हणायला हवं?" मी विचारलं. सहा दिवसांत मी हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारत होतो. बायको शेजारीच होती; तिने तारीख लक्षात ठेवली असणार.

दादांना विचार करावा लागला नाही. "मागणी नोंदवली. रांगेत तुमचा क्रमांक अमुक. बस. आणि दुसऱ्यांदा दाबलं तर सांग, हे आधीच मागितलंय. आणि तीन सेकंदांत पळू नकोस. मी हो म्हणेपर्यंत थांब."

मी पट्टीचं विरघळणं काढलं. ते काढताना काय वाटलं ते इथे लिहीत नाही. अध्यक्षांचा मसुदाही काढला, कुणाचीही सही न घेता. एकवीस वर्षांच्या नोकरीत कागदाशिवाय केलेलं हे माझं पहिलं काम.

शनिवारी चारला बैठक. दादा एकटे आले, काठी टेकत, सगळ्यांच्या आधी. अध्यक्षांनी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारलं, "सोबत कोण आहे?"

"तुम्ही आहात की," दादा म्हणाले.

संगणक लावला. दादांच्या जुन्या सतरा मागण्या रद्द करून त्यांचं खातं तेवढ्यापुरतं उघडलं. ज्याच्यासाठी सगळं झालं ते पुस्तक म्हणजे एका दीपगृहाच्या रखवालदारावरची सोळा तासांची ध्वनिमुद्रित कादंबरी. दादांनी ते शोधलं, बटण दाबलं. एकदाच. पोपटाने आपलं चालू वाक्य पुरं केलं आणि म्हणाला, "मागणी नोंदवली. रांगेत तुमचा क्रमांक पहिला."

दादांनी हात मांडीवर ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, पण मी त्यांना अठ्ठावीस वर्षं ओळखतो.

"माझा मसुदा कुठे आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी काढला, साहेब."

"असं परस्पर? बरं, ते नंतर बघू. पण मूळ गुन्हा उरतोच. सतरा वेळा. दिसत नसलं तरी माणसाला मोजता तर येतं!"

"मोजत होतो ना," दादा म्हणाले. "म्हणून सतरावर थांबलो."

तेव्हा मी खिशातला कागद काढला. दुसऱ्यांदा दाबल्यावर काय सांगायचं ते ठरवण्यासाठी, एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागणाऱ्यांची यादी मी सकाळी काढली होती. दुसरी मागणी घेऊच नये, अशी अट वेबसाइटमध्ये घालायची माझीच राहून गेली होती. तेही कबूल केलं. यादीत एकसष्ट सभासद होते. सगळे डोळस, एक सोडून. दादा नववे.

"नववा?" दादा म्हणाले. त्यांना जरा लागलंच ते.

"पहिला कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

मी कागद बाईंकडे दिला. बाईंनी तो वाचला, घडी घातली, परत उघडला. "आपणच, साहेब," त्या म्हणाल्या. "स्मरणशक्ती वाढवण्याचं पुस्तक. तेवीस वेळा."

अध्यक्षांनी कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला.

"मला कसली पट्टी दिसलीच नाही कधी," अध्यक्ष म्हणाले. "टाइप करताना मी खाली बघतो. वर बघेपर्यंत काही नसतंच तिथे."

"तीन सेकंदच असायची, साहेब," मी म्हणालो.

"पण मग मला पत्र कसं आलं नाही?"

"आपल्या मागण्यांच्या चिठ्ठ्या मी एकच मागणी समजून टाचून ठेवत होते," बाई म्हणाल्या.

यानंतर विषय फार चालला नाही. दादांचं खातं कायम ठेवावं, पत्र मागे घ्यावं, आणि मसुद्याचा विषय "योग्य वेळी" घ्यावा, असं एकमताने ठरलं. निघताना अध्यक्षांनी दादांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की हा पोपट दिसणाऱ्या माणसाला वापरता येतो का. दादा म्हणाले, "येतो. पण साहेब, तो मध्ये बोलू देत नाही." बाईंनी मला, पाच दिवसांनी, पहिलं वाक्य ऐकवलं: "सोमवारी वेळेवर या."

सोमवारी दादा एकटेच आले. काउंटरवर त्यांच्याशिवाय कुणी उभं नव्हतं, त्यामुळे शिपाईकाकांना त्यांनाच विचारावं लागलं. दीपगृहाच्या रखवालदाराच्या सीडींची डबी घेऊन, मी सोडायला येतो म्हटलं तर नको म्हणून, ते बसथांब्याकडे गेले.

मंगळवारी सकाळी साडेदहाला त्यांनी पुस्तक परत आणून दिलं. म्हणाले, कादंबरी वाचणारा माणूस नाकातून बोलतो.